गुरगुरण्याचा अधिकार

पाळलेला कुत्रा दाराशी आलेल्या अनोळखी माणसावर गुरगुरला म्हणजे घरधन्याला मनातून अभिमान वाटतो, शेजारच्या मांजरावर गुरगुरला म्हणजे गंमत वाटते. पण तोच कुत्रा ज्या दिवशी खुद्द घरधन्याकडे तिरपा डोळा करून, आपल्या थाळीवर मान झुकवून, ओठ किंचित मागे ओढून, घशाच्या तळातून तो खर्जातला स्वर काढतो, त्या दिवशी मात्र घरात राजद्रोह उघडकीस आल्यासारखी खळबळ उडते. ज्याला वेळच्या वेळी खाऊ घातले, पावसात फिरवून आणले, ज्याच्या अंगावरच्या गोचिड्या आपल्या हाताने काढल्या, त्याने आपल्यालाच दात दाखवावेत ही गोष्ट माणसाच्या मनाला इतकी झोंबते की, याला झाले तरी काय, हा प्रश्न सुचण्याच्या आधी याला शिक्षा कोणती करावी, हा प्रश्न सुचतो. खाल्ल्या मिठाला जागणारा प्राणी अशी ज्याची युगानुयुगांची कीर्ती, त्याची कृतघ्नता इतर कोणाच्याही कृतघ्नतेपेक्षा अधिक असह्य व्हावी हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मात्र हा जो दोषारोप आपण इतक्या तत्परतेने करतो, तो करण्याइतका विचार आपण केलेला असतो काय, हे पाहण्यासारखे आहे. आणि तो विचार करू लागले असता पशुवैद्यकापेक्षा धर्मविचाराच्याच प्रांतात आपण अधिक खोल शिरतो, असा माझा अनुभव आहे.

शिक्षा म्हटली की अपराध आला, आणि अपराध ज्याच्या माथी मारावयाचा त्याला विधिनिषेधाचे ज्ञान असले पाहिजे, हे ओघानेच आले. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या आरंभी कर्माचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचा ऊहापोह चालला असताना शबरस्वामींनी आपल्या भाष्यात एक मोठा मौजेचा पूर्वपक्ष उभा केला आहे. सुखाची इच्छा पशूंनाही असते, मग कर्माचा अधिकार त्यांना का नसावा. फार काय, कुत्रे चतुर्दशीला आणि ससाणे अष्टमीला उपोषण करताना दिसतात, त्याअर्थी परलोकाची चिंता त्यांनाही असली पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. त्यावर सिद्धान्त अर्थातच असा की, ज्याला वेदाचे अध्ययन नाही त्याला धर्म कळण्याचे साधन नाही, आणि कुत्रा एखाद्या दिवशी अन्नाला तोंड लावत नाही त्याचे कारण व्रत नसून काही तरी दुखणे हेच असावे. या उत्तराचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून मोलाचा वाटतो. कुत्र्याचे वर्तन नेहमीपेक्षा निराळे दिसताच त्यातून पुण्य किंवा पाप काढण्याच्या भरीस न पडता आधी त्याचे शरीर तपासावे, ही दृष्टी कर्मकांडाच्या ग्रंथात, ध्यानीमनी नसता, अशी सापडावी याचे कौतुक वाटते. आमचे घरधनी मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवू पाहतात. धर्माचा अधिकार कुत्र्याला द्यावयाचा नाही, आणि अधर्माची शिक्षा मात्र त्याला चुकवू द्यावयाची नाही. ज्याला सनदच दिली नाही त्याच्यावर सनदेच्या शर्ती मोडल्याचा खटला भरण्यापैकीच हा प्रकार होय.

अधिकाराचा प्रश्न असा निकालात निघाला तरी दुसरा प्रश्न उरतोच. कुत्र्याला धर्म नसेल, पण समज आहे की नाही? येथे आचार्यांचा आधार घ्यावा. ब्रह्मसूत्रभाष्याच्या उपोद्घातात, ज्याला अध्यासभाष्य म्हणतात त्यात, शंकराचार्यांनी असे म्हटले आहे की व्यवहारापुरते पाहिल्यास विद्वान मनुष्य आणि पशू यांच्यात काहीही विशेष नाही: दंड उगारलेल्या माणसाला पाहून हा मला मारू इच्छितो असे जाणून पशू पळू लागतो, आणि हातात हिरवे गवत घेतलेला दिसला तर त्याच्या समोर जातो, शहाणा माणूसही खड्ग परजणाऱ्या बलवानापासून दूर सरतो आणि उलट दिसणाऱ्याकडे वळतो. आचार्यांचा हेतू माणसाच्या ज्ञानाचा अभिमान उतरवण्याचा होता, पशूचा गौरव करण्याचा नव्हता, हे खरे. पण या दृष्टान्तातून जे निष्पन्न होते ते पशूच्या पदरात पडल्यावाचून राहत नाही. आपल्या वाट्याचे अनिष्ट कोठून येत आहे हे पशू ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो. आता घरात पाळलेल्या कुत्र्याची अडचण अशी आहे की दंड आणि गवत ही दोन्ही त्याच्यापुढे एकाच हातात येतात, आणि गळ्यात पट्टा असल्यामुळे, दार बंद असल्यामुळे, दोन खोल्यांच्या जागेत पलंगाखालचा कोपरा सोडून दुसरा आसरा नसल्यामुळे, पळून जाण्याचा जो मार्ग आचार्यांच्या पशूला मोकळा होता तो त्याला मोकळा नसतो. पळता येत नाही आणि चावावेसे वाटत नाही, अशा चिंचोळ्या जागेत सापडलेल्या प्राण्याने काय करावे? तो गुरगुरतो.

ही गुरगुर अगदी पहिली पायरी असते असेही नाही. ज्यांनी कुत्र्यांचे वर्तन बारकाईने पाहिले आहे ते सांगतात की त्याआधी कुत्रा पुष्कळ काही बोलून चुकलेला असतो: झोप आली नसताना जांभई देतो, खाणे समोर नसताना जिभल्या चाटतो, तोंड फिरवतो, कान मागे पाडतो, डोळ्याच्या कडेने पाहताना बुबुळाबाहेरचा पांढरा भाग दाखवतो, आणि मग एकाएकी सर्व अंग ताठ करून स्तब्ध होतो. ही सर्व आर्जवे वाया गेल्यावर स्वर निघतो. डार्विनने 1872 साली भावांच्या अभिव्यक्तीवर जो ग्रंथ लिहिला त्यात कुत्र्याच्या दोन परस्परविरुद्ध मुद्रांचे वर्णन फार मार्मिक आहे. शत्रुभावाने चालून जाणारा कुत्रा ताठ होतो, शेपूट वर उभे धरतो, मानेवरचे केस फुलवतो, नजर रोखतो, आणि समोरचा माणूस परका नसून आपलाच धनी आहे असे कळताच त्याच क्षणी अंग खाली झुकवून, कान पाडून, शेपूट हलवीत सर्वस्वी उलट आकृती धारण करतो. एका भावाला एक रूप असेल तर त्याच्या विरुद्ध भावाला त्याचे नेमके विरुद्ध रूप मिळते, असा नियम डार्विनने त्यावरून बांधला. स्वरातही असाच भेद आहे. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाडाजवळ झाकलेल्या पेटीत ध्वनिक्षेपक दडवून, हाडाकडे येणाऱ्या कुत्र्याला निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलेल्या गुरगुरी त्यांनी ऐकवल्या, तेव्हा अन्नरक्षणाची गुरगुर ऐकून कुत्रे मागे सरले, आणि परक्या माणसाला धमकावणाऱ्या गुरगुरीने मात्र तितके सरले नाहीत. हे हाड माझे आहे, हा अर्थ त्या स्वरात होता आणि तो ऐकणाऱ्याला कळला. त्याच मंडळींनी पुढे 2017 साली माणसांचीही परीक्षा घेतली. ऐकणाऱ्यांनी शेकडा 63 वेळा प्रसंग बरोबर ओळखला; खेळातली गुरगुर सर्वांत सहज ओळखली, धमकीची आणि अन्नरक्षणाची मात्र पुष्कळदा एकमेकींत मिसळली. आणखी एक निष्कर्ष असा की या परीक्षेत स्त्रिया पुरुषांपेक्षा सरस ठरल्या; याचे आश्चर्य आमच्याकडील कोणत्याही कुटुंबप्रमुखाला वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा गुरगुर म्हणजे क्रोध, हे समीकरण घाईचे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी परंपरा सांगितली आहे तीत संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतिभ्रंश अशा पायऱ्या आहेत. थाळीवर वाकलेल्या कुत्र्याला हे माप लावून पाहावे. संग आहे, काम आहे, क्रोधाची छटाही असेल. परंतु स्मृतिभ्रंश नाही. समोरचा कोण आहे हे त्याच्या ध्यानात आहे, आपले दात कशासाठी आहेत हेही ध्यानात आहे, आणि नेमक्या त्या स्मृतीमुळेच तो दातांच्या आधी आवाज वापरतो. पतनाच्या त्या जिन्यावर उभा राहून त्याने आपण होऊन पाऊल थोपवले आहे, आणि वर पुन्हा आपण कोठवर आलो आहोत याची इत्तला समोरच्याला दिली आहे. गीतेनेच अन्यत्र, मुनीचे लक्षण सांगताना, राग म्हणजे आसक्ती, भय आणि क्रोध अशी तीन नावे एकत्र गुंफली आहेत. पाळीव कुत्र्याच्या गुरगुरीत आसक्ती आणि भय यांचाच वाटा बहुधा मोठा असतो, आणि चौथे एक कारण, जे मुनींच्या लक्षणात येण्याचे प्रयोजन नव्हते, ते म्हणजे वेदना. कान पिकलेला, दाढ सडलेली, खुब्याचा सांधा झिजलेला कुत्रा लाडाने कुरवाळणाऱ्या हातावरही गुरगुरतो, कारण तो हात ठणकणाऱ्या जागी पडलेला असतो. म्हातारपणी ऐकू येईनासे झालेला, दिसेनासे झालेला कुत्रा झोपेत स्पर्श होताच दचकून गुरगुरतो, तो तर केवळ काळोखाला विचारलेला प्रश्न असतो.

या ठिकाणी वाचकाला रामकृष्ण परमहंसांची ती सर्पाची कथा आठवली असेल. गुराख्यांना त्रास देणाऱ्या सर्पाला एका ब्रह्मचाऱ्याने मंत्र दिला आणि कोणाला दंश करू नकोस असे बजावले. सर्पाने ते इतक्या निष्ठेने पाळले की पोरांनी त्याला शेपटीला धरून आपटले, मरणप्राय केले. आणि परत आलेल्या गुरूने त्याला म्हटले की मी तुला चावू नकोस म्हटले होते, फूत्कार करू नकोस असे कोठे म्हटले होते? संसारी माणसाला ही कथा फार सोयीची वाटते, आणि कचेरीतल्या साहेबापासून सासूपर्यंत अनेकांनी तिचा आधार घेतला आहे. मला मात्र तीत आणि आपल्या प्रस्तुत विषयात एक मोठे अंतर दिसते. त्या कथेतला फूत्कार उपदेशिलेला आहे. आत क्रोध नसता बाहेर दाखवावयाचा, दुर्जनांपासून रक्षण होण्यापुरता धारण करावयाचा तो अभिनय आहे. कुत्र्याच्या गुरगुरीत अभिनय नाही. तिच्यामागे भय असते ते खरे असते, आणि ऐकले नाही तर दात लागतील हेही खरे असते. जे आत आहे ते बाहेर प्रकट करणे आणि जे करू शकतो त्याच्या अलीकडे थांबणे, या दोन गोष्टी एकाच उद्गारात असणे हे सत्याला आणि अहिंसेला एकाच वेळी धरून आहे. यमांची आणि नियमांची दीक्षा नसलेल्या एका प्राण्याने हे साधावे, यात त्याचे पुण्य नसेल. पण ते पाहणाऱ्याने त्याला पाप म्हणून दंड करावा, यात पाहणाऱ्याचे अज्ञान निश्चित आहे.

आणि हा दंड आपण करीत आलो आहोत. कुत्र्याने आवाज काढला की नाकावर फटका मारावा, मानगूट धरून उताणे पाडावे, डोळ्याला डोळा भिडवून त्याने नजर खाली घालीपर्यंत हटू नये, म्हणजे घरात अंमल कोणाचा हे त्याला कळते, असा उपदेश पुष्कळ वर्षे शास्त्र म्हणून केला गेला. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल याने 1947 साली प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासातील लांडग्यांच्या अभ्यासात होते. एकमेकांशी नाते नसलेले लांडगे आवारात कोंडल्यावर त्यांच्यात जी भांडणे झाली त्यावरून टोळीचा एक जुलमी नायक कल्पिला गेला, आणि त्या नायकाची वस्त्रे मग प्रत्येक घरधन्याने अंगावर चढवली. ज्या डेव्हिड मेच याच्या 1970 सालच्या ग्रंथाने या कल्पनेला मोठा प्रसार मिळवून दिला, त्यानेच 1999 साली रानातील लांडग्यांच्या निरीक्षणावरून लिहिले की टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे असे कुटुंब असते. तेथे सिंहासनही नाही आणि सिंहासनासाठी लढाईही नाही. तोवर अनेक कुत्र्यांची मानगुटे धरून झाली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेली माहिती 2009 साली प्रसिद्ध झाली, तीत असे आढळले की ज्यांनी कुत्र्याला मारले किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी शेकडा 43 जणांना उलट आक्रमक प्रत्युत्तर मिळाले, आणि ज्यांनी स्वतःच कुत्र्यावर गुरगुरून पाहिले त्यांच्यापैकी शेकडा 41 जणांना. मालक चार पायांवर उतरून कुत्र्याशी त्याच्या भाषेत भांडू लागला, तर कुत्र्याने ती भाषा समजून घ्यावी यात त्याची चूक ती काय?

पण मारल्याने कुत्रा उलटतो, यापेक्षाही मारल्याने कुत्रा गप्प होतो, ही गोष्ट अधिक भयावह आहे. नैयायिकांनी धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याची जी रीत घालून दिली आहे तीत त्यांनी एक सावधगिरीचाही इशारा दिला आहे: जेथे धूर तेथे अग्नी असतो, पण जेथे अग्नी तेथे धूर असतोच असे नाही, आणि त्याचे नित्याचे उदाहरण म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. गुरगुर हे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, आहे. भय, वेदना, आसक्ती हा साध्य अग्नी आहे. फटके मारून लिंग नाहीसे करता येते, अग्नी नाहीसा होत नाही. उलट फटक्यांचे भय त्यात इंधन म्हणून पडते. असा शिकवून मूक केलेला कुत्रा म्हणजे तो तप्त लोहगोलक, आणि त्याच्यावर हात ठेवणारा पाहुण्यांचा लहान मुलगा म्हणजे हेतूच न सापडल्यामुळे अनुमान न करू शकलेला प्रमाता. अशा प्रसंगानंतर घरची माणसे शपथेवर सांगतात की कुत्र्याने काहीही पूर्वसूचना न देता चावा घेतला. ती खोटे बोलत नसतात. पूर्वसूचना देण्याची त्याची वहिवाट त्यांनीच मोडून काढलेली असते, एवढे मात्र जबानीत येत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात, सर्पसत्राच्याही आधी, जनमेजयाच्या यज्ञात एक कुत्रे शिरल्याची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनी त्याला बडवले. ते रडत आपल्या आईकडे, देवशुनी सरमेकडे, गेले. आईने आधी म्हटले की तू काही अपराध केला असशील. ते म्हणाले, मी हवीकडे पाहिले नाही आणि चाटलेही नाही. सरमा मग यज्ञमंडपात जाऊन त्या भावांना विचारते की माझ्या मुलाला का मारलेत, तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नसते. आणि ती शाप देते तो मोठा विलक्षण आहे. तुमचा नाश होवो असे ती म्हणत नाही. ज्याची चाहूल लागणार नाही असे अदृष्ट भय तुमच्यावर येईल, असे म्हणते. निरपराध कुत्र्याला मारल्याचे फळ म्हणून चाहूल न देता येणारे भय! व्यासांच्या मनात कुत्रे पाळण्याची विद्या नव्हती हे मी जाणून आहे. तरी पुष्कळ घरांतून हा शाप अक्षरशः फळलेला दिसतो.

या कथेत सरमेने जो क्रम पाळला तो ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी पोराची कैफियत, मग प्रतिवादींना प्रश्न, आणि मग निकाल. रामायणाच्या उत्तरकांडात, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या सर्गांत, डोके फुटलेला कुत्रा रामाच्या दरबारात ब्राह्मणावर फिर्याद घेऊन येतो, तेथेही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात, आणि भिक्षा न मिळाल्याने भुकेलेला आपण वाटेतून न हटणाऱ्या कुत्र्यावर संतापलो, असे तो ब्राह्मण कबूल करतो. कुक्कुरजातकात तर चौकशी न करण्याचेच उदाहरण आहे. काशीच्या राजाच्या रथाचे कातडी सामान कुत्र्यांनी कुरतडले, तेव्हा त्याने नगरातील सर्व कुत्री मारण्याचा एकतर्फी हुकूम सोडला, फक्त राजवाड्यातील उंची कुत्री वगळली. बोधिसत्त्व, जो त्या जन्मी स्मशानातील कुत्र्यांचा नायक होता, सिंहासनाखाली जाऊन उभा राहिला आणि राजवाड्यातील कुत्र्यांना ताक व दर्भ पाजावयास सांगून त्यांच्या पोटातून कातड्याचे तुकडे बाहेर काढून दाखवले. कुत्र्यांविषयीचे आपले वाद एरवी मारावे की पोसावे या दोन टोकांतच फिरत राहिले. 1832 साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, 1926 साली अहमदाबादेत साठ कुत्री मारली गेली तेव्हा गांधींनी त्या कृत्याची बाजू घेऊन लेखमाला लिहिली आणि अहिंसावाद्यांचा रोष ओढवून घेतला. त्या वादांचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण कुत्रा काय म्हणतो ते ऐकून घ्यावे, ही तिसरी बाजू या जुन्या कथांत आहे, आणि ती घरात कुत्रा बाळगणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची आहे.

ऐकून घ्यावे म्हणजे करावे काय? कुत्रा गुरगुरला की पहिल्याने जे चालले असेल ते थांबवावे. हात मागे घ्यावा, पण झटका देऊन नव्हे. नजर रोखू नये, अंग किंचित तिरपे करावे, आवाज चढवू नये, आणि दोघांमधील अंतर वाढू द्यावे. पाठ फिरवून पळणे जितके वाईट तितकेच हट्टाने पुढे वाकणेही वाईट. हा क्षण शिकवण्याचा नाही, निभावून नेण्याचा आहे. मग सावकाश मनाशी नोंद करावी की त्या वेळी काय घडत होते: थाळी होती की हाड होते, पलंगावरून उतरवले जात होते की नखे कापली जात होती, कोणता पाहुणा आला होता, कोणते मूल गळ्यात पडले होते, दिवाळीचे फटाके वाजत होते काय. पूर्वी कधी न गुरगुरणारा कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला असेल तर शबरस्वामींचे उत्तर आठवून थेट पशुवैद्याकडे जावे. तेथे निम्मे खटले निकालात निघाले नाहीत तरी उरलेल्यांची दिशा तरी कळते.

थाळीवरून होणारी गुरगुर सर्वांत सामान्य आणि सर्वांत अधिक चिघळवली जाणारी. कुत्र्याला सवय व्हावी म्हणून तो खात असताना थाळीत हात घालावा, मधूनच थाळी उचलून घ्यावी, ही युक्ती ज्यांना सुचली त्यांनी स्वतःच्या पानातली पोळी कोणी रोज उचलून नेल्यास आपली काय अवस्था होईल याचा विचार केलेला दिसत नाही. येणारा माणूस काही नेण्यासाठी येतो, ही कुत्र्याची समजूत आहे. ती खोटी ठरवावयाची असेल तर येणाऱ्याने काही देण्यासाठी आले पाहिजे. कुत्रा सावध होणार नाही इतक्या अंतरावरून, जाता जाता, थाळीत असलेल्यापेक्षा चांगला असा एखादा मांसाचा तुकडा टाकून निघून जावे. काही आठवड्यांत तो माणूस येताना पाहून कुत्र्याची शेपटी हलू लागते, आणि मग अंतर हळूहळू कमी करता येते. तोंडात धरलेली चप्पल ओढून घेण्याऐवजी तिच्या बदल्यात काही द्यावे. हा व्यवहार कुत्र्याला चटकन कळतो. पण याहूनही साधी गोष्ट म्हणजे त्याला निवांतपणे खाऊ द्यावे. अपरिग्रहाचे व्रत कुत्र्याने घ्यावे असा आपला आग्रह असतो. त्याच्या एका थाळीवरचा आपला हक्क आपण सोडून द्यावा, एवढा अपरिग्रह मालकालाही जड जाऊ नये.

मुलांच्या बाबतीत मात्र कुत्र्याच्या बाजूने कितीही बोलले तरी जोखीम मुलाची आहे हे विसरून चालत नाही. झोपलेल्या, जेवणाऱ्या, आजारी कुत्र्याजवळ मुलाने जाऊ नये, त्याच्या गळ्यात हात टाकून त्याच्या तोंडाला तोंड लावू नये, आणि जाणत्या माणसाची नजर नसेल तेव्हा दोघांना एका खोलीत ठेवू नये. तो आमचा अगदी गरीब आहे, या वाक्यावर कोणीही कोणाचे मूल हवाली करू नये. गणपतीत घर माणसांनी भरले की कुत्र्यासाठी आतली एक खोली, पाणी, ओळखीचे अंथरूण आणि बंद दार यांची तजवीज आधी करावी; आरतीच्या झांजांत त्याने शांत बसून दाखवावे, ही अपेक्षा त्याच्या कानांना ठाऊक नसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. कुत्रा गुरगुरला की आपण मागे सरलो, तर गुरगुरल्याने काम होते हे तो शिकणार नाही काय? शिकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते शिकणे म्हणजे बोलून भागते, चावावे लागत नाही, असेच शिकणे होय, आणि या शिक्षणाला घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. घाबरावयाचे ते तेथेच थांबण्याला. आज मागे सरून उद्या पुन्हा तोच प्रसंग त्याच्यावर आणला, परवा पुन्हा आणला, आणि कारणाचा शोध कधीच केला नाही, तर घरातली एकेक जागा कुत्र्याच्या ताब्यात जाते, आधी पलंग, मग जिना, मग स्वयंपाकघराचे दार, आणि माणसे भिंतीला चिकटून चालू लागतात. मागे सरणे हा त्या क्षणाचा धर्म आहे. पुढचे सर्व दिवस, गुरगुरण्याचे प्रयोजनच उरू नये यासाठी खर्ची घालावे लागतात. गीतेने ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्या ठायी पंडिताची समदृष्टी असते असे सांगितले. त्या समदृष्टीचा अर्थ सर्वांपुढे एकच पान वाढणे असा कोणी करीत नाही. हत्तीला हत्तीचे आणि कुत्र्याला कुत्र्याचे, असे ज्याचे त्याला द्यावे लागते, आणि त्यासाठी ते ते प्राणी ओळखावे लागतात. पंडिताची दृष्टी अशी कष्टाची आहे.

हे सगळे करूनही काही कुत्री सुधारत नाहीत. बालपणी कोंडून ठेवलेली, फार मार खाल्लेली, किंवा उपजतच भित्री अशी काही असतात. आणि गुरगुरीची पायरीच गाळून थेट चावा घेणारी काही असतात. या शेवटच्या प्रकाराविषयी सर्वांत स्पष्ट विचार मला पारशांच्या वेंदिदादमध्ये दिसतो. त्या ग्रंथाचा तेरावा फर्गर्द सबंध कुत्र्यांसाठी खर्ची पडला आहे. कुत्र्याला निकृष्ट अन्न देणाऱ्यालाही तेथे दंड सांगितला आहे. त्यातच असा प्रश्न येतो की मज्दाच्या उपासकाच्या घरी न भुंकता चावणारा, वेडा कुत्रा असेल तर काय करावे. म्हणजे सूचना न देता चावणे हेच तेथे वेडाचे लक्षण धरले आहे. सूचना देणारा कुत्रा शहाण्यात मोजला गेला आहे. उत्तर असे की त्याच्या मानेभोवती लाकडी जोखड घालून त्याला खांबाला बांधावे, आणि एखाद्या श्रद्धावंत माणसावर करावेत तसे त्याच्यावर उपचार करावेत. बांधल्याविना त्याने मेंढराला किंवा माणसाला इजा केली तर त्याचा कान कापण्यापासून चढत्या शिक्षा सांगितल्या आहेत; त्या आज कोणी अंमलात आणू नयेत हे उघडच आहे, आणि आपल्याकडील कायद्याने तर शिक्षेचा रोख पुरता फिरवून टाकला आहे. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमान्वये, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होऊ नये इतकी खबरदारी न घेणाऱ्या इसमाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुत्र्याचा त्या कलमात आरोपी म्हणून उल्लेख नाही. लाकडी जोखडाच्या जागी आता जाळीचे मुसके मिळते, त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते, आणि रोज थोडा वेळ, खाऊच्या बरोबर, घालण्याची सवय केली तर तो ते पट्ट्याइतक्याच सहजपणे वागवतो. मुसके घातलेला कुत्रा रस्त्याने नेताना लोक बाजूला होतात, मालकाला ओशाळे वाटते, आणि म्हणून पुष्कळजण ते विकत आणून फडताळात ठेवतात. ज्या कुत्र्याला त्याची गरज आहे त्याच्या बाबतीत हे ओशाळेपण गिळून टाकावे. मुसक्याच्या आतून तो गुरगुरला तर गुरगुरू द्यावे, आणि रस्त्याची बाजू बदलावी.